पाडलेल्या शाळाखोलीचा राडारोडा : पारख आणि पुनर्वापर

ग्रामीण भागातील पुष्कळशा शाळाखोल्या पन्नास-साठ वर्षांपूर्वी बांधलेल्या आहेत. त्यांपैकी कित्येकांच्या भिंतींना तडे गेले आहेत, वासे कुजले आहेत, छपरे गळत आहेत. अशा खोल्या वेळीच उतरविल्या नाहीत तर काय घडते, हे २५ जुलै २०२५ रोजी राजस्थानातील झालावाड जिल्ह्यात पिपलोदी या गावी दिसून आले. तेथील शाळेचे छप्पर कोसळून सात मुले मृत्युमुखी पडली. म्हणून धोकादायक खोलीचे निर्लेखन करून ती पाडणे आवश्यकच होय.

परंतु खोली पाडली म्हणजे धोका संपला, असा जो समज सर्वत्र आढळतो, तो पूर्णपणे बरोबर नाही. भिंत अंगावर पडण्याचा धोका संपतो. पण त्या भिंतीच्या आणि छपराच्या राडारोड्याचे पुढे काय होते, यावर दुसरा धोका अवलंबून असतो. सर्वसाधारणपणे असे घडते की, चांगल्या विटा व लाकूड लिलावात जाते, उरलेली खरमाती क्रीडांगणाच्या खड्ड्यांत पसरली जाते, फुटके पत्रे कुंपणाला किंवा स्वयंपाकाच्या शेडला लावले जातात आणि लाकडाच्या ढलप्या चुलीत जातात. काटकसर म्हणून हे सर्व स्तुत्यच वाटते. तथापि यांतील काही गोष्टी निर्धोक आहेत, काही निश्चितपणे अपायकारक आहेत. हा भेद कसा ओळखावा, याची माहिती प्रत्येक शिक्षकास असणे अगत्याचे आहे.

पारख पाडण्यापूर्वीच का करावी?

राडारोडा ही एक वस्तू नव्हे. वीट, दगड, चुना, सिमेंट, काँक्रीट, सळया, लाकूड, कौले, पत्रे, रंग, काच, विजेच्या तारा आणि माती अशा अनेक पदार्थांचा तो ढीग असतो. इमारत उभी असते तोपर्यंत हे पदार्थ आपापल्या जागी वेगवेगळे असतात. पत्रा छपरावर असतो, रंग दारावर असतो, विटा भिंतीत असतात. यंत्राने एकदा सर्व काही ओढून पाडले की, हे सारे एकमेकांत मिसळते. त्यानंतर विटांच्या चुऱ्यातून पत्र्याचा चुरा वेगळा करणे कोणासही शक्य नसते. गहू आणि खडे दळून झाल्यावर निवडता येत नाहीत. निवडणे हे दळणापूर्वीच करावे लागते. येथेही तोच न्याय लागू पडतो.

पाडण्यापूर्वी प्रत्येक वस्तूविषयी तीन प्रश्न विचारावेत. पहिला, ही वस्तू कशाची बनलेली आहे? दुसरा, इतक्या वर्षांत तिच्यात काय मुरले आहे किंवा तिच्यावर काय चढविले गेले आहे? तिसरा, ती आता कोठे वापरली जाणार आहे? यांपैकी तिसरा प्रश्न बहुधा विसरला जातो. एकच वस्तू एका ठिकाणी निर्धोक आणि दुसऱ्या ठिकाणी घातक असू शकते. रंग दिलेली फळी गोदामात मांडणी म्हणून चालेल. तीच फळी चुलीत घातली तर अपाय करील.

विटा व दगड

विटांचा पुनर्वापर ही आपल्याकडील जुनीच रीत आहे. चांगल्या भाजलेल्या विटांचा चुरा म्हणजे सुरखी; ती चुन्यात मिसळून गवंडी पूर्वी घट्ट बसणारा मसाला तयार करीत. विटांच्या तुकड्यांचा गच्चीवर कोबा घालण्याची पद्धत आजही चालू आहे. चुन्यात किंवा मातीत बांधलेल्या भिंतीच्या विटा सहज सुट्या होतात व साफ करता येतात. सिमेंटमध्ये बांधलेल्या विटा मात्र सोडविताना बहुधा फुटतात. त्यांचा उपयोग तुकड्यांच्या रूपातच करावा लागतो.

विटेची पारख करण्याच्या सोप्या रीती आहेत. दोन विटा एकमेकींवर आपटल्या असता खणखणीत आवाज यावा. नखाने ओरखडा पडू नये. साधारण एक मीटर उंचीवरून सपाट जमिनीवर टाकली असता वीट फुटू नये. विटेवर पांढरी बुरशीसारखी पूड दिसल्यास तिच्यात क्षार आहेत असे समजावे. अशी वीट ओल असलेल्या जागी वापरू नये, कारण तिच्यावरील गिलावा टिकत नाही. शेवटची परीक्षा पाणी शोषण्याची. वाळलेली वीट तोलावी, चोवीस तास पाण्यात बुडवून ठेवावी आणि पुसून पुन्हा तोलावी. साध्या विटेने आपल्या कोरड्या वजनाच्या शेकडा २० पेक्षा अधिक पाणी शोषू नये. कोरडी वीट ३ किलो आणि भिजलेली ३.४५ किलो भरली, तर शोषण शेकडा १५ होते व वीट चांगली ठरते. तीच ३.७५ किलो भरली, तर शोषण शेकडा २५ होते. अशी वीट बांधकामास घेऊ नये.

दगड बहुधा बांधकामापेक्षा दीर्घायुषी असतो. तो धुऊन पुन्हा वापरण्यास हरकत नाही. परंतु दगड चांगला म्हणून भिंतही चांगली होईल, असे मात्र नव्हे. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपात मातीत रचलेल्या दगडांच्या जाड भिंती व त्यांवरील मातीची जड माळवदे कोसळून हजारो माणसे दगावली. दगडात दोष नव्हता; बांधणीत होता. तिसऱ्या प्रश्नाचे महत्त्व यावरून कळून येईल.

काँक्रीट व सळया

काँक्रीटचे तुकडे दळून त्यांची खडी करता येते. दिल्लीत बुराडी येथे २००९ साली असे केंद्र उभारण्यात आले. पुनर्वापराच्या खडीला भारतीय मानकाने २०१६ साली मान्यता दिली, पण मर्यादा घालून दिली. साध्या काँक्रीटमध्ये एकूण खडीच्या शेकडा २५, सळया घातलेल्या काँक्रीटमध्ये शेकडा २० आणि तेही एम-२५ या प्रतीपर्यंतच, आणि पायाखालच्या हलक्या काँक्रीटमध्ये मात्र शेकडा १०० पर्यंत ती वापरता येते. मर्यादेचे कारण असे की, जुन्या खडीला चिकटलेला सिमेंटचा मसाला सच्छिद्र असतो, तो अधिक पाणी पितो आणि त्यामुळे नव्या काँक्रीटचे बळ कमी होऊ शकते. प्लॅस्टर ऑफ पॅरिसचे तुकडे या खडीत मिसळू नयेत. त्यांतील सल्फेटमुळे सिमेंट कालांतराने फुगते व तडकते.

खेड्यात दळणाचे यंत्र नसते. तेथे स्वच्छ काँक्रीट व विटांचे तुकडे रस्त्याच्या किंवा जोत्याच्या भरावास वापरणे हाच सोयीचा मार्ग होय. 'स्वच्छ' हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. ज्या तुकड्यांत पत्रा, काच, खिळे, रंगाचे पापुद्रे किंवा तारा मिसळलेल्या नाहीत, तेच स्वच्छ समजावेत.

गंजलेल्या सळया सरळ करून नव्या तुळईत किंवा स्लॅबमध्ये घालण्याचा मोह टाळावा. गंजाने सळईची जाडी घटलेली असते आणि वाकवून पुन्हा सरळ केल्याने तिचे बळ उणे होते. पोलाद वितळवून पुन्हापुन्हा नवे करता येते. म्हणून सळया भंगारात देणे हाच त्यांचा योग्य पुनर्वापर होय.

फोडताना व दळताना उडणाऱ्या धुळीकडेही दुर्लक्ष करू नये. वाळू, दगड व काँक्रीट यांच्या बारीक धुळीत सिलिका असते. ती वर्षानुवर्षे फुप्फुसांत साचल्यास सिलिकोसिस हा असाध्य रोग होतो. पाडकाम चालू असता ढिगावर पाणी शिंपडीत राहणे, हा यावरील स्वस्त आणि परिणामकारक उपाय होय.

सिमेंटचे पत्रे

सर्वांत अधिक सावधगिरी ज्या वस्तूबाबत बाळगावयास हवी, ती म्हणजे राखाडी रंगाचे नागमोडी पत्रे. गावोगाव यांस 'सिमेंटचे पत्रे' म्हणतात. नावावरून ते केवळ सिमेंटचे असावेत असे वाटते. वास्तविक त्यांतील पुष्कळशा पत्र्यांत ॲस्बेस्टॉस नावाच्या खनिजाचे तंतू असतात. शंभर भागांत साधारणतः आठ ते पंधरा भाग इतके त्यांचे प्रमाण असते. या तंतूंमुळेच पातळ पत्र्यास मजबुती येते.

पत्रा अखंड असतो तोवर तंतू सिमेंटमध्ये पकडून राहतात. पत्रा फोडला, करवतीने कापला, घासला किंवा पावसाउन्हाने त्याचा पृष्ठभाग झिजला म्हणजे तंतू मोकळे होतात. ते केसापेक्षा कितीतरी पटींनी बारीक असल्याने डोळ्यांस दिसत नाहीत, वासाने कळत नाहीत आणि हवेत बराच काळ तरंगत राहतात. श्वासावाटे फुप्फुसांत खोलवर गेलेले तंतू तेथेच रुतून बसतात. त्यांपासून ॲस्बेस्टॉसिस, फुप्फुसाचा कर्करोग आणि मेसोथेलिओमा हा फुप्फुसाच्या आवरणाचा कर्करोग उद्भवतो. सर्व प्रकारचे ॲस्बेस्टॉस कर्करोगजनक आहे, असे जागतिक आरोग्य संघटनेने स्पष्ट केले आहे. हे रोग लगेच प्रकट होत नाहीत. वीस, तीस, चाळीस वर्षांनी होतात. सात वर्षांच्या मुलाच्या फुप्फुसात आज गेलेला तंतू तो कर्ता पुरुष झाल्यावर आपले काम करतो, आणि तेव्हा त्या शाळेच्या अंगणाची आठवण कोणासही होत नाही. मुलांपुढे आयुष्याचा दीर्घ काळ असतो, म्हणूनच त्यांना या धोक्यापासून अधिक जपावे लागते.

नव्या काळातील काही पत्रे ॲस्बेस्टॉसविरहितही असतात. परंतु दिसण्यावरून दोहोंतील भेद निश्चितपणे सांगता येत नाही. त्यासाठी प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी करावी लागते. म्हणून तपासणी होऊन निर्वाळा मिळेपर्यंत प्रत्येक जुना सिमेंटचा पत्रा ॲस्बेस्टॉसचाच आहे, असे धरून चालावे. तपासणीसाठी तुकडा तोडण्याचे काम शिक्षकांनी स्वतः करू नये.

असे पत्रे उतरविण्याची रीत ठरलेली आहे. काम चालू करण्यापूर्वी पत्रे पाण्याने ओले करावेत. बोल्ट काढून पत्रा अखंड सोडवावा. हातोड्याने फोडू नये. तो दोरीने किंवा हातोहात खाली घ्यावा, वरून फेकू नये. खाली पडलेले तुकडे ओले करूनच वेचावेत. तेथे कोरडा झाडू मारू नये. पत्रे व तुकडे जाड प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून, चिकटपट्टीने बंद करून, त्यांवर ठळक अक्षरांत सूचना लिहावी. कामगारांनी तंतू अडविणारा योग्य मुखवटा वापरावा. तोंडाला बांधलेला रुमाल तंतू अडवीत नाही. हा माल अन्य राडारोड्यात मिसळू न देता घातक कचऱ्याची विल्हेवाट लावणाऱ्या केंद्राकडे गेला पाहिजे. महाराष्ट्रात तळोजा, रांजणगाव व बुटीबोरी येथे अशी केंद्रे आहेत. ही व्यवस्था लावणे हे बांधकाम खात्याचे व ठेकेदाराचे काम आहे. पण ती व्यवस्था लिलावाच्या आणि ठेक्याच्या अटींत लिहिली गेली आहे की नाही, हे मुख्याध्यापकास विचारता येते, व त्याने ते विचारलेच पाहिजे.

फुटक्या पत्र्यांचे तुकडे गटारावर झाकण म्हणून ठेवणे, वाफ्यांच्या कडेला रोवणे, चुलीभोवती आडोसा म्हणून लावणे आणि चुरा मैदानात पसरणे, हे सर्व प्रकार कटाक्षाने टाळावेत. जे पत्रे अद्याप छपरावर सुस्थितीत आहेत, ते भीतीपोटी घाईने काढण्याचे कारण नाही. त्यांना भोके पाडू नयेत, त्यांवरील शेवाळ खरवडू नये आणि चेंडू काढावयास मुलास त्यांवर चढू देऊ नये. जुना पत्रा ठिसूळ असतो. मूल त्यातून सरळ खाली पडते.

लाकूड, रंग व माती

सागवानी तुळया, वासे व चौकटी शंभर वर्षांनीही उपयोगी पडतात. लाकूड ठोकून पाहावे; पोकळ आवाज आल्यास वाळवीने किंवा किड्याने आतून खाल्ले आहे असे समजावे. टोकदार खिळा टोचून पाहावा; तो सहज आत शिरल्यास लाकूड कुजलेले आहे. भिंतीत रुतलेली टोके विशेष तपासावीत, कारण तेथे ओल मुरते. सर्व खिळे उपटून एका डब्यात गोळा करावेत. गंजका खिळा अनवाणी पायात जाऊन धनुर्वात होण्याची भीती असते.

जुन्या तैलरंगांत शिसे मोठ्या प्रमाणात असे. घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत ९० भागांपेक्षा अधिक नसावे, असा नियम भारतात १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्यापूर्वीच्या दारांवर, खिडक्यांवर व फळ्यांवर शिशाचा रंग असू शकतो, असे गृहीत धरावे. शिसे मुलांच्या मेंदूवर व बुद्धीच्या वाढीवर परिणाम करते आणि त्याचे सुरक्षित असे कोणतेही प्रमाण आढळलेले नाही. म्हणून रंग दिलेले लाकूड शाळेच्या पोषण आहाराच्या चुलीत कधीही घालू नये. त्याचा धूर स्वयंपाक करणाऱ्या बाईंच्या छातीत जातो आणि राख भांड्यांवर व मातीत उतरते. जुना रंग कोरड्या कागदाने घासून काढणेही तितकेच वाईट. घासावयाचाच झाल्यास तो ओला करून, मुले शाळेत नसताना घासावा.

पायाच्या मातीविषयी थोडेसे सांगणे आवश्यक आहे. पूर्वी वाळवी होऊ नये म्हणून काही इमारतींच्या पायात ऑल्ड्रिनसारखी विषारी औषधे ओतीत. ऑल्ड्रिनवर पुढे बंदी आली, पण ते मातीत वर्षानुवर्षे टिकून राहते. म्हणून पायातील माती शाळेच्या परसबागेत घालू नये. जोत्याच्या भरावास ती चालेल. मेथी व पालक पिकविण्यास चालणार नाही. विजेच्या नळ्यांत पारा असतो, म्हणून त्या न फोडता वेगळ्या ठेवाव्यात.

नियम काय सांगतात?

केंद्र सरकारने २९ मार्च २०१६ रोजी बांधकाम व पाडकामाच्या कचऱ्याविषयी स्वतंत्र नियम जाहीर केले. दिवसाला २० टन किंवा एका कामात महिन्याला ३०० टन कचरा ज्याच्याकडून निघेल, त्याने काँक्रीट, माती, पोलाद, लाकूड व प्लॅस्टिक, आणि विटा व मसाला असे चार भाग वेगळे करावेत, असे त्यांत सांगितले होते. त्यानंतर २०२५ साली नवे नियम जाहीर झाले व त्यांच्या अंमलासाठी १ एप्रिल २०२६ हा दिनांक ठरविण्यात आला. पुनर्वापराची मोठी जबाबदारी त्यांत २०,००० चौरस मीटर व त्याहून मोठ्या बांधकामांवर टाकलेली आहे. शाळेची खोली एवढी मोठी नसते. परंतु नियमाची सक्ती लहान कामास नसली, तरी धोका लहान कामातही तोच असतो. म्हणून चार भाग वेगळे करण्याची ही पद्धत शाळेनेही पाळणे हिताचे आहे.

शिक्षकाचे काम कोणते?

शिक्षक हा अभियंता नव्हे आणि त्याने पाडकामात हात घालू नये. तथापि त्या इमारतीत वर्षानुवर्षे वावरल्यामुळे तिची माहिती त्याला इतर कोणाहीपेक्षा अधिक असते. छप्पर केव्हा बदलले, रंग केव्हा दिला, वाळवीचे औषध कोणी व कोठे घातले, हे सर्व त्याला किंवा गावातील जाणत्या माणसांना ठाऊक असते. ही माहिती एका कागदावर खोलीवार लिहून निर्लेखनाच्या प्रस्तावासोबत उपअभियंत्यांकडे द्यावी आणि शाळा व्यवस्थापन समितीच्या सभेत वाचून दाखवावी.

पाडकाम शक्यतो सुटीत व्हावे. शाळा चालू असल्यास वर्ग अन्यत्र भरवावेत आणि कामाच्या जागेभोवती कुंपण घालावे. विटा वाहणे, खिळे वेचणे, पत्रे उचलणे ही कामे श्रमदान म्हणूनदेखील मुलांना देऊ नयेत. श्रमाची गोडी लावण्यास परसबाग आहे, वर्गसफाई आहे; राडारोडा हे त्याचे साधन नव्हे. काम संपल्यावर मैदानाची पाहणी करून ते स्वच्छ झाल्याची खात्री पटल्यानंतरच मुलांना तेथे खेळू द्यावे.

वर्गात करता येण्यासारखे

या विषयातून गणित व विज्ञान या दोहोंचे पाठ घेता येतात. विटेच्या शोषणाचा वर सांगितलेला प्रयोग नव्या, स्वच्छ विटांवर पाचवीपासूनची मुले सहज करू शकतात. घनफळाचे उदाहरण असे घ्यावे : ६ मीटर लांब व ६ मीटर रुंद खोलीच्या भिंतींची एकूण लांबी २४ मीटर, उंची ३ मीटर व जाडी ०.३५ मीटर असल्यास घनफळ २५.२ घनमीटर येते. विटांच्या बांधकामाचे वजन दर घनमीटरला सुमारे १.९ टन धरल्यास भिंतींचे वजन सुमारे ४८ टन भरते. दारे-खिडक्या वजा केल्या तरी ते ४० टनांच्या खाली सहसा जात नाही. एका लहान खोलीतून किती माल निघतो आणि तो फेकून देणे किंवा आंधळेपणाने पसरणे हे दोन्ही किती चुकीचे आहे, ते मुलांना या आकड्यांवरून समजेल.

सारांश, राडाऱ्यातील बहुतेक माल उपयोगी असतो व त्याचा पुनर्वापर अवश्य करावा. डोंगर फोडून नवी खडी आणण्यापेक्षा हाती असलेली खडी वापरणे केव्हाही श्रेयस्कर होय. परंतु चांगल्या ४० टनांत वाईट अर्धा टन मिसळला, तर तो सारा ढीग संशयास्पद होतो. तो अर्धा टन आधी ओळखून बाजूला काढणे, हीच खरी काटकसर होय. आणि ती खोली उभी असतानाच करावी लागते.